कान्याचं वजन

कीबोर्ड घ्यायला आलेल्या बाईला दुकानदार आधी हात दाखवायला सांगतो, हे मिरजेतच घडू शकतं. हमीदभाई सतारमेकरांनी माझे दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवायला लावले, एकेक बोट वरून हलकं दाबून पाहिलं आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाशी थांबले. हे बोट थकलंय, म्हणाले. मी म्हटलं, बोट नव्हे, मीच थकले आहे, पण तुम्ही बोटापासून सुरुवात करा.

मी वैजयंती कुंभोजकर. वय चोपन्न, तोंड फटकळ, मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला सत्तर शब्द. एकतीस वर्षं सांगलीत टाइपिंगचा क्लास चालवला आणि जोडीला कोर्टकचेऱ्यांत जबान्या टाइप केल्या. मध्यंतरी बोललेलं आपोआप लिहून घेणारी यंत्रं आली आणि आमचा धंदा बुडाला असं सगळ्यांनी धरून चाललं. माझ्या क्लासाच्या पाटीवर तर शेजारच्या वडेवाल्याने त्याचं भावपत्रक चिकटवलं होतं. मग त्याच यंत्रांनी आम्हाला परत आणलं. ती कुणाच्याही आवाजात काहीही बोलायला लागली, चित्रफितीत कुणाच्याही तोंडी काहीही घालायला लागली, आणि ध्वनिमुद्रित पुराव्याला कवडीची किंमत उरली नाही. तेव्हा नवा कायदा झाला. साक्षीदार जे बोलेल ते त्याच्यासमोर बसलेल्या जिवंत माणसाने आपल्या कानांनी ऐकायचं आणि आपल्या बोटांनी, साक्षीदाराच्याच शब्दांत, टाइप करायचं.

बोटांनीच का, तर प्रत्येक माणसाची टाइप करायची चाल निराळी असते. कोणती कळ किती वेळ दाबून धरली, एका कळीवरून दुसरीवर जायला किती हजारांश सेकंद लागले, कळ किती खोल गेली, किती जोराने गेली, हे सगळं मिळून एक ठसा तयार होतो. अंगठ्याचा ठसा चोरता येतो. दोन तासांच्या टायपिंगची चाल चोरणं अजून तरी कुणाला जमलेलं नाही. या ठशाला टंकमुद्रा म्हणतात. जबानीसोबत ती मोहोरबंद होते आणि ही जबानी अमुक बाईने स्वतः ऐकून लिहिली याची ती खूण असते. आमच्या जिल्ह्यात अशा मुद्राधारक टंकलेखक बाराजणी. त्यांतल्या सातजणी माझ्या हाताखाली शिकलेल्या, हे मी कुणी न विचारता सांगते.

तर हात पाहून झाल्यावर हमीदभाईंनी सुट्या स्विचांच्या तीन लाकडी ताटल्या माझ्यापुढे ठेवल्या. चार पिढ्या त्यांच्या घरात तंबोरे बनले. तारांखालच्या घोडीवर कानस घासत घासत जवारी जुळवायची, म्हणजे तार नुसती न वाजता गुंजायला लागते, हे त्यांचं खरं कसब. तो हात त्यांनी कीबोर्डाकडे वळवला आणि स्विचांना आपली नावं दिली. पहिल्या ताटलीतला सरळ. दाबला की काही न बोलता खाली जातो. दुसरीतला अडखळी, अर्ध्या वाटेवर बोटाला बारीकशी ठेच लागते आणि अक्षर उमटल्याचं कळतं. तिसरीतला टकटकी, ठेच लागते आणि वर आवाजही होतो. प्रत्येकात स्प्रिंग वेगवेगळ्या वजनाची, पस्तीस ग्रॅमपासून ऐंशीपर्यंत. मी डोळे मिटून तासभर नुसती दाबत बसले. जीव टकटकीवर गेला, कारण माझं सारं तरुणपण लोखंडी टाइपरायटरच्या खडखडाटात गेलेलं. पण सुनावणीच्या दालनात आवाज चालत नाही. शेवटी अडखळी, पंचेचाळीस ग्रॅम, कडेच्या बोटांना पस्तीस, वर हलकं वंगण, आणि तुणीच्या लाकडाची चौकट, असं ठरत आलं होतं.

तेवढ्यात माझी नजर फडताळातल्या मृदुला नावाच्या नव्या कीबोर्डावर गेली. तिची जाहिरात तोवर सगळ्यांनीच पाहिली होती. हमीदभाई म्हणाले, ते राहू द्या. अशा वेळी मी काय करते हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

मृदुलात स्प्रिंग नाही. प्रत्येक कळीखाली एक इवलीशी डबी, तिच्यात तेल आणि तेलात मैद्यासारखी बारीक लोखंडी भुकटी. खालून चुंबक लागला की भुकटीचे कण ओळीने उभे राहतात आणि तेल घट्ट होतं. चुंबक सुटला की पुन्हा पातळ. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी होतं, त्यामुळे प्रत्येक कळीचं वजन क्षणाक्षणाला बदलता येतं. त्यावर कंपनीने एक सोय दिली होती आणि तिला नाव ठेवलं होतं साथ. कीबोर्डातली एक छोटी चिप मागचे दोन शब्द पाहते आणि पुढे कोणतं अक्षर येईल याचा अंदाज बांधते. जे अक्षर येण्याचा संभव जास्त, ती कळ हलकी. ज्याचा संभव कमी, ती जड, म्हणजे चुकून बोट पडलंच तर ती दबू नये. चिपला हा अंदाज शिकवला होता छापील मराठीच्या कोट्यवधी पानांवर. साथ एकही अक्षर स्वतः लिहीत नाही की बदलत नाही, फक्त कळीचं वजन बदलते, म्हणून न्यायखात्यानेही तिला परवानगी दिली होती.

मी दोन ओळी टाइप केल्या आणि माझे डोळे भरून आले. मनगट दुखलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा दुखलं नाही.

"घ्या, पण साथ बंद ठेवून वापरा," हमीदभाई म्हणाले. "साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याच्या मागं राहायचं असतं, ताई. हा पुढं पळतोय."

मी हो हो म्हटलं आणि साथ सुरू ठेवली. एवढंच करून थांबले नाही. माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी ऋजुता मगदूम, तिलाही मृदुला घ्यायला लावली. तिचं बघून बाकीच्यांनी घेतली. वर्षाच्या आत बाराच्या बाराजणी साथीला लागल्या, आणि त्याचं श्रेय मी चारचौघांत घेत असे.

त्यानंतर आठ महिन्यांनी तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजची चौकशी सुरू झाली. नाव लिहीत नाही, नाहीतर ते लोक माझ्यावरच दावा ठोकतील. तिथे बेदाणा निवडायला येणाऱ्या बाया दुपारी मागच्या भिंतीच्या सावलीला भाकरी खायला बसत. एका दुपारी ती भिंत त्यांच्या अंगावर आली आणि दोघी गेल्या. मालकाचं म्हणणं, भिंत जुनी होती, पावसाने भिजली होती, पडली. वाचलेल्या बायांतल्या बाकीच्या भिंतीकडे पाठ करून बसलेल्या. तोंड भिंतीकडे होतं ते एकटीचं, शेवंता ऐवळे हिचं. गेलेल्या दोघींमध्ये तिची धाकटी जाऊ मंदा होती.

शेवंताची जबानी मी टाइप केली. ती थांबून थांबून बोलली, रडली नाही. शेवटी नियमाप्रमाणे मी सगळी जबानी मोठ्याने वाचून दाखवली, तिने मान डोलावली आणि खाली सही केली. तिला लिहायला तेवढंच येतं. टंकमुद्रा मोहोरबंद झाली. अडीच तास टाइप करूनही मनगट ठीक होतं, आणि घरी जाताना मी फुलं घेतल्याचं मला आठवतं.

दोन महिन्यांनी शेवंता माझ्या दारात उभी राहिली. आत बोलावलं तर उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. आदल्या दिवशी सुनावणीत मालकाच्या वकिलाने तिचीच जबानी तिच्यापुढे धरली होती. त्यात लिहिलं होतं, लोडर आला, मागं सरला, अन् भिंत पडली. म्हणजे माती उचलायचा तो लोडर मागे गेला आणि भिंत आपसूक पडली, साक्षीदार स्वतःच सांगते आहे, असं म्हणून वकील खाली बसले होते.

"बाई, तुमी वाचून दावलासा तवा पाडली म्हणलासा," शेवंता म्हणाली. "म्या कानानं ऐकलंया. मग कागदावर पडली कशी झाली?"

मी तिला ठामपणे सांगितलं की एकतीस वर्षांत माझ्याकडून असं झालेलं नाही. माझ्याजवळची प्रत आणली आणि तिच्यासमोर बोट ठेवून वाचू लागले. तोंडाने पुन्हा पाडली म्हटलं. मग बोटाखाली पाहिलं. तिथे पडली होतं.

ही चूक आमच्याच धंद्यातल्या माणसाकडून होते. ज्याने टाइप केलं तोच वाचतो तेव्हा तो कागद वाचत नाही, कानात राहिलेलं वाचतो. नवशिक्या मुलींना पहिल्या आठवड्यात मी हेच बजावत असे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवंता दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. मी तिला ते अक्षर दाखवलं तेव्हा ती नुसत्या ओठांनी म्हणाली, प ला काना पा. मग विचारलं, तेवढी एक रेघच ऱ्हायली का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, त्या रेघंखाली मंदी हाय. आणि निघून गेली.

मी मृदुला पिशवीत घातली आणि थेट मिरजेला गेले. हमीदभाईंनी, मी सांगितलं होतं ना, असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी सोनाराकडची बारीक वजनांची पेटी काढली. मी 'भिंत प' एवढंच टाइप करून थांबायचं आणि त्यांनी कान्याच्या कळीवर एकेक वजन रचत जायचं, असं आम्ही सुरू केलं. एरवी पंचेचाळीस ग्रॅमला दबणारा काना अठ्ठ्याहत्तर ग्रॅमला दबला. तिकडे उजवीकडे ड ची कळ बावीस ग्रॅमवर आली होती. तिच्यावर नुसतं बोट टेकवलं तरी ती खाली जात होती.

मग मी 'पोरांनी कैऱ्या प' टाइप केलं. काना वीस ग्रॅम.

मग 'मालकानं भिंत'. इथे प ची कळच दबेना, आणि ब ची कळ पिसासारखी झाली. मी बोट टेकवलं आणि साथ मला कुठे नेते ते पाहिलं. मालकानं भिंत बांधली. पोरं कैऱ्या पाडू शकतात, मालक भिंत पाडू शकत नाही. मालक भिंत फक्त बांधतो.

हमीदभाई हसले. मला हसू आलं नाही. यात कुणाचा कट नव्हता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कट असता तर कुणाची तरी गचांडी धरता आली असती. इथे फक्त मोजणी होती. छापून आलेल्या कोट्यवधी पानांत भिंती पडतात, कोसळतात, खचतात. कुणी पाडल्याचं क्वचित छापून येतं, कारण ज्यांच्या अंगावर पाडली जाते त्यांना विचारायला कुणी जात नाही. जे पुष्कळदा लिहिलं गेलं ते हलकं झालं. शेवंताला जे सांगायचं होतं ते आधी कुणी लिहिलेलंच नव्हतं, म्हणून ते जड. आणि माझ्या दुखऱ्या बोटाने जडाशी भांडण केलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही वजनांची पेटी पुढे घेऊन बसलो आणि एकेक क्रियापद ठोकून पाहिलं. मरणं आणि मारणं. जळणं आणि जाळणं. गळणं आणि गाळणं. मी जन्मभर मराठी टाइप केली आणि हे कधी लक्षात घेतलं नव्हतं की आपल्या भाषेत करणाऱ्याचा हात कितीदा तरी त्या एका उभ्या रेघेत असतो. काना गेला की सगळं आपोआप होतं, कुणीच काही करत नाही.

आता करायचं काय, हा प्रश्न होता. सोपा रस्ता होता शुद्धिपत्रकाचा. 'टंकलेखनातील मानवी चूक' असा छापील अर्ज असतो, त्यावर सही करायची की झालं. चौकशी आयोगाचे अध्यक्ष खांबेटेसाहेब, निवृत्त न्यायाधीश आणि सज्जन गृहस्थ, यांनी तोच सुचवला. पण मी इतकी वर्षं वकिलांच्या शेजारी बसले आहे. दोन महिन्यांनी, साक्षीदार घरी येऊन भेटल्यावर, टंकलेखिकेला अचानक काना आठवला, असं मालकाचा वकील म्हणणार, आणि त्याचं चूक नव्हतं. माझी आठवण एका बाजूला आणि मोहोरबंद कागद दुसऱ्या बाजूला. शेवंताला त्या शुद्धिपत्रकाचा काडीचा उपयोग झाला नसता.

पुरावा होता तो मोहोरेच्या आत. टंकमुद्रेत प्रत्येक कळीची हालचाल नोंदलेली असते, अर्धवट दबलेली कळसुद्धा. कळ दोन मिलिमीटर खाली गेली की अक्षर उमटतं. त्याच्या अलीकडे थांबली तर अक्षर उमटत नाही, पण ती किती गेली हे नोंदलं जातं. माझं बोट कान्यावर गेलं होतं अशी माझी खात्री होती. ते पाहायला मोहोर फोडावी लागणार होती. मोहोर फोडायला मी प्रतिज्ञापत्र द्यायचं की माझा कीबोर्ड माझ्या बोटांच्या आड आला. आणि असं प्रतिज्ञापत्र दिलं की त्या कीबोर्डावरच्या माझ्या सगळ्या जबान्या संशयित आणि माझी मुद्रा स्थगित. जे माझ्या मृदुलाला लागू, तेच उरलेल्या अकरा जणींच्याही.

ऋजुता दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. तिच्या घरी आजारी सासरे आहेत, नवऱ्याचं काम कधी असतं कधी नसतं, आणि मुद्रा हीच तिची भाकरी. ती बराच वेळ नीट बोलली. एक काना आहे, अर्जावर सही करा आणि मोकळ्या व्हा, म्हणाली. मी नाही म्हटल्यावर तिचा तोल गेला.

"हे खूळ आमच्या गळ्यात तुम्हीच बांधलंत, मॅडम. आता चूक कबूल करून मोठेपणाही तुम्हीच घ्यायचा, आणि घरी आम्ही बसायचं?"

यातलं पहिलं वाक्य खरं होतं, त्यामुळे दुसरं जास्त लागलं. मी तिला एवढंच म्हटलं की माझं बोट चुकलं असतं तर मी आनंदाने सही केली असती. पण माझं बोट चुकलेलं नाही, त्याला अडवलं गेलं आहे, आणि अडवणाऱ्याचा गुन्हा मी आपल्या नावावर लिहून देणार नाही. ती चहा तसाच टाकून गेली. सोळा वर्षांची असल्यापासून मी तिला ओळखते, आणि त्या दिवसापासून तिने माझा फोन घेणं बंद केलं. मी रोज एकदा करत होते.

मी प्रतिज्ञापत्र दिलं.

मोहोर फोडली त्या दिवशी दालन भरलं होतं. उरलेल्या टंकलेखिका एका ओळीत बसल्या होत्या आणि एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर त्या वाक्याची नोंद आली. प ची कळ, पूर्ण. ड ची कळ, पूर्ण. आणि दोहोंच्या मध्ये कान्याच्या कळीवर एक बुटकी टेकडी: दाब एकावन्न ग्रॅम, खोली एक पूर्णांक चार मिलिमीटर, आणि परत वर. मला रडू फुटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मला माझ्या बोटाचा अभिमान वाटला. ते गेलं होतं. नेहमीच्या कान्याला पुरून उरेल एवढ्या जोराने गेलं होतं.

मालकाचे वकील उठले. पूर्ण न दबलेली कळ म्हणजे अक्षर नव्हे, म्हणाले; बाईंचं बोट नुसतंच कळीवर टेकलं असेल, वयोमानाने असं होतं.

मी खांबेटेसाहेबांची परवानगी घेऊन उभी राहिले. आमच्या मांडणीत प उजव्या हाताला, ड ही उजव्या हाताला आणि काना डाव्या हाताला असतो, हे आधी समजावून सांगितलं. प नंतर ड च लिहायचा असता तर त्या क्षणी डाव्या हाताला काही कामच नव्हतं.

"माझं बोट त्या कळीवर फिरायला गेलं नव्हतं," मी म्हटलं. "ते साक्षीदाराचा काना घेऊन गेलं होतं. माझी मुद्रा काढून घ्या, माझी तक्रार नाही. पण याला माझी चूक म्हणू नका. आणि मी एकटीच आहे असं समजू नका. बाराही जणींच्या मोहोरा फोडा आणि अशा टेकड्या मोजा."

टंकलेखिकांच्या रांगेतून कुणीतरी हुंदका दिला, पण कुणी ते मी पाहिलं नाही. खांबेटेसाहेबांनी शेवंताची जबानी रद्द केली आणि नव्याने घ्यायचा हुकूम दिला, बाकीच्या टंकमुद्रा तपासायला सांगितल्या आणि माझी मुद्रा स्थगित केली. नवी जबानी दुसऱ्या टंकलेखिकेने, साथ बंद ठेवून, टाइप करायची होती.

साथ बंद आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, हे मला आणि हमीदभाईंना दोघांनाही ठाऊक होतं. त्यावरच बोलत आम्ही त्यांच्या दुकानात बसलो होतो. मी अडखळी लावलेला माझा नवा कीबोर्ड पाहायला गेले होते, का ते मला विचारू नका, कारण त्यावर टाइप करण्यासारखं माझ्याकडे आता काही नव्हतं. आणि ऋजुता आत आली. मला पाहून दारातच थबकली, मग आली. डोळे सुजलेले होते.

तपासणीत तिची स्वतःची एक जुनी जबानी निघाली होती. एका म्हातारीने आपल्या मुलीबद्दल दिलेली. कागदावर होतं, पोरगी जळली. ज आणि ळ यांच्या मध्ये ऋजुताच्या डाव्या मधल्या बोटाची टेकडी होती. ते प्रकरण केव्हाच मिटलं होतं, अपघात म्हणून.

मी उठून तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावरून हमीदभाईंना म्हणाली की शेवंता ऐवळेची जबानी तिच्याकडे आली आहे, मृदुला नको, जुन्या पद्धतीचा बांधून द्या, सगळ्या कळी एकाच वजनाच्या.

"आणि एक कळ टकटकी," ती म्हणाली. "कान्याची. बाकी कुठल्याही कळीला आवाज नको."

हमीदभाईंनी मला विचारलं, चालेल का दालनात. मी म्हटलं, नियमात कीबोर्डाला आवाज नको असं आहे, एका कळीबद्दल काही लिहिलेलं नाही. असे नियम वाचण्यातच माझं आयुष्य गेलंय. त्यांनी तिसरी ताटली ओढली आणि स्विच एकेक करून कानाशी धरून दाबायला सुरुवात केली. पंधरावीस बाजूला टाकले. एक त्यांना पटला, तरी तो उघडून आतल्या पात्यावर त्यांनी कानस फिरवली, पुन्हा ऐकला, पुन्हा फिरवली. तंबोऱ्यालाही ते इतका वेळ देतात की नाही कोण जाणे. शेवटी तो दाबला तेव्हा मागच्या खोलीतल्या त्यांच्या भावाने सतार बाजूला ठेवून काय झालं म्हणून विचारलं.

जबानीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. मनगट ठणकत होतं. साथ सोडल्यापासून ते पुन्हा माझं झालं होतं. ऋजुताने तुणीच्या चौकटीचा कीबोर्ड मांडला. शेवंता साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. जबानी सुरू व्हायच्या आधी ऋजुताने तिला कान्याची कळ एकदा दाबून दाखवली आणि हा तुमचा काना, असं सांगितलं. मालकाच्या वकिलांनी आवाजाबद्दल हरकत घेतली. खांबेटेसाहेबांनी विचारलं, कोणत्या नियमाने. वकील पुस्तक चाळू लागले आणि चाळतच राहिले.

नाव, गाव, वय झालं. मंदाचं नाव झालं. त्या नावात एक काना आहे, तो वाजला. सावली झाली, भाकरी झाली, लोडर झाला, तो चालवणाऱ्याला हाताने खुणावणारा मालक झाला. मग खांबेटेसाहेबांनी, पहिल्या वेळी कुणीच विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. भिंतीचं काय झालं, आणि कुणी केलं.

शेवंताने साहेबांकडे पाहिलं नाही, मालकाकडेही पाहिलं नाही. तिने ऋजुताच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मालकानं भिंत पाडली."

मालकानं. टक. टक.

भिंत. या शब्दात काना नाही. दालनात काही वाजलं नाही, आणि मी माझ्या मांडीवर माझं मधलं बोट गच्च दाबून धरलं.

टक.

वकिलांनी पुस्तक मिटलं. शेवंता अजून कान देऊन बसली होती, जणू तो आवाज आणखी कुठे जाऊन पोचतो आहे का हे तिला ऐकायचं होतं. मग तिने पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच साहेबांकडे पाहिलं.

"वाजला," ती म्हणाली. "आता फुडं इचारा."